उद्याच्या घामाची उचल

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात ‘उचल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या कुशीतील या कोरडवाहू तालुक्यांत पावसाळा सरता सरता मुकादम दारी येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. त्या कोयत्यामागे तो आगाऊ रक्कम मोजतो आणि घराचा येणारा हंगाम बांधून घेतो. हाती आलेला पैसा लग्नाला, औषधपाण्याला, जुन्या देण्याला लागलेला असतो. दसरा-दिवाळी उलटली की गाड्या भरून माणसे कोल्हापूर, सांगली, नगर, बेळगावकडे रवाना होतात. पुढील पाच-सहा महिने पहाटेच्या थंडीत फडात कोयता चालतो, मोळ्या बांधल्या जातात, आणि टनामागे ठरलेली मजुरी उचलीतून वळती होत राहते. आजारपणामुळे दिवस बुडाला तर ‘खाडा’ मांडला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की हिशेब होतो. उचल फिटली तर ठीक, नाहीतर उरलेली बाकी पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

या मुलखात सेवा करणाऱ्या धर्मगुरूला अर्थशास्त्राचा पहिला धडा ग्रंथातून घ्यावा लागत नाही. भविष्यातले श्रम आज विकले तर त्यांची किंमत कोण ठरवितो, आणि हंगाम बुडाला तर नुकसान कोण सोसतो, हे दोन प्रश्न येथे प्रत्येक चुलीपाशी विचारले जातात. अलीकडे हेच प्रश्न एका अगदी निराळ्या वेषात आपल्या तरुणांच्या दारी आले आहेत. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली. रेल्वेच्या आधीच मोबाइल आला होता, आणि त्याच्या पडद्यावर जाहिराती. बारावी किंवा पदवी झालेल्या मुलामुलींना सहा-आठ महिन्यांत संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकवू, आज एक रुपयाही देऊ नका, नोकरी लागल्यावर पगारातील हिस्सा द्या, असा त्यांचा मथितार्थ. अशा वर्गांना ‘कोडिंग बूटकॅम्प’ म्हणतात, आणि फी वसूल करण्याच्या या रीतीला आपण ‘उत्पन्न-हिस्सा करार’ म्हणू. ज्या घरात फी भरण्यास पैसा नाही आणि बँकेत तारण ठेवण्यास जमीन नाही, त्या घराला हा करार देवदूतासारखा वाटला तर नवल नाही.

आमच्या परिसरातील ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा असा करार घेऊन माझ्याकडे आला होता. दाट इंग्रजीतील चौदा पाने. सोबत वडीलही होते, कारण जामीन म्हणून त्यांची सही हवी होती. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेलो. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “फादर, ही तर पोराची उचलच हाय की. फक्त मुकादमाचं नाव बदललंय.” मुलगा थोडा चिडला. “बाबा, तसं नाही. नोकरी नाही लागली तर एक पैसासुद्धा द्यायचा नाही. उचलीत असं असतं का?” दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणूनच हा करार भावनेने न पाहता तराजूत घालून पाहिला पाहिजे, असे मला वाटले.

तो तराजू ख्रिस्तसभेच्या परंपरेत पूर्वीपासून आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला कर्ज आणि भागीदारी यांतील भेद आम्हांला शिकविला जाई, तेव्हा तो जुनाट वाटे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा भेद मोजक्या शब्दांत मांडला. जो आपला पैसा व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या व्यवसायात भागीदार म्हणून घालतो, त्याचा पैसा त्याचाच राहतो. धोकाही त्याचाच असतो, म्हणून नफ्याचा वाटा मागण्याचा त्याला न्याय्य हक्क आहे. कर्ज देणाऱ्याचे तसे नसते. त्याला मुद्दल कोणत्याही परिस्थितीत परत हवे असते. पुढे १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीतील महागुरुस्वामींना उद्देशून लिहिलेल्या परिपत्रकात हाच विवेक पुन्हा सांगितला. व्यवहाराला कोणते नाव दिले आहे ते पाहू नये, त्यात तोट्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो ते पाहावे, असा या साऱ्या शिकवणुकीचा गाभा आहे. आमच्या त्या ऊसतोड बापाने सेमिनरीचे तोंडही पाहिले नव्हते, पण त्याचा प्रश्न नेमका हाच होता.

उत्पन्न-हिस्सा कराराचे समर्थक त्याला भागीदारीच म्हणतात. ही कल्पना नवी नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ती मांडली. कंपनीचे भागभांडवल विकत घेतात तसे विद्यार्थ्याच्या शिक्षणात पैसा गुंतवावा आणि पुढे त्याच्या मिळकतीतून वाटा घ्यावा, असा विचार त्यांनी सुचविला. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९७१ मध्ये त्याच धर्तीवर एक योजना सुरू केली. उसनवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट करावयाचा, प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक अंश वर्षानुवर्षे द्यावयाचा, आणि संपूर्ण गटाचे कर्ज फिटेपर्यंत कोणाची सुटका नाही. काहींनी पैसे दिले नाहीत, काहींनी एकरकमी देऊन अंग काढून घेतले. उरलेले प्रामाणिक लोक इतरांचे ओझे वाहत राहिले. १९७८ नंतर नवे विद्यार्थी घेणे बंद झाले, तरी पहिल्यांचा फेरा चालूच होता. अखेर २००१ मध्ये विद्यापीठानेच उरलेली देणी सोडून दिली. योजना आखणारे दुष्ट नव्हते, पण मनुष्याची उद्याची कमाई कागदावर बांधणे किती अवघड आहे, हे त्यांना तीस वर्षांनी उमगले.

त्याहून अधिक बोधप्रद उदाहरण अगदी आपल्या काळातील आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लॅम्डा स्कूल’ नावाची संस्था निघाली. पुढे तिने ‘ब्लूम इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ असे नाव घेतले. वर्षाला ५० हजार डॉलरहून अधिक पगाराची नोकरी लागली, तर दरमहा करपूर्व पगाराच्या १७ टक्के द्यावयाचे. असे २४ हप्ते झाले किंवा एकूण ३० हजार डॉलर पुरे झाले की देणे संपले. ‘आमचे उत्पन्न तुमच्या उत्पन्नाशी बांधलेले आहे’ असे संस्था सांगत असे, आणि तिच्या नावाचा जगभर गाजावाजा झाला. भारतातही तिच्या अनुकरणाने संस्था निघाल्या. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने या व्यवहारावर आदेश काढला. त्यात उघड झालेल्या गोष्टी आपल्या प्रत्येक पालकाने वाचाव्यात अशा आहेत. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते असे सांगितले जात होते. संस्थेच्या अंतर्गत आकड्यांत ते प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास होते आणि काही तुकड्यांत तीस टक्क्यांपर्यंत खाली आले होते. ‘हे कर्ज नव्हे, यात धोका नाही’ असे सांगितले जात असताना प्रत्येक करारात सरासरी सुमारे चार हजार डॉलरचा आकार दडलेला होता. एक हप्ता चुकला तर उरलेली सर्व रक्कम एकदम मागण्याची तरतूद होती. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, विद्यार्थ्याला नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीच संस्था त्याचा करार गुंतवणूकदारांना विकून आपला पैसा मोकळा करीत असे.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडे थांबावयास हवे. शिक्षक आणि विद्यार्थी एका नावेत बसलेले आहेत, हा या कराराचा नैतिक आधार. विद्यार्थी बुडाला तर शिक्षकही बुडेल, म्हणून तो मनापासून शिकवील. परंतु नाव किनारा सोडण्याआधीच शिक्षक आपले आसन विकून उतरून गेला, तर भागीदारी उरली कोठे? उरते ते फक्त कर्ज, आणि तेही अनोळखी सावकाराचे. त्या विभागाने याला कर्जच ठरविले, संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्याच्या व्यवसायातून कायमचे बाद केले आणि तिच्यावर व तिच्या प्रमुखावर मिळून १ लाख ६४ हजार डॉलरहून अधिक दंड बसविला.

दस्तऐवजाच्या नावामागे जाऊन पाहण्याची ही रीत आपल्या मातीलाही परकी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले शेतकऱ्यांचे दंगे नगर जिल्ह्यात पसरले. लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली, कारण त्या कागदांवर आपण काय लिहून दिले आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना एक मोठा अधिकार दिला. सावकाराने पुढे केलेल्या खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, असे त्यात ठरविले गेले. आष्टी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता, पण शेजारच्या नगरकडे मिळालेला तो धडा आपण आज उचलावयास हरकत नाही.

म्हणून आम्ही तिघांनी त्या मुलाच्या कराराच्या पाठीमागे जाऊन हिशेब मांडला. आज रोख भरल्यास फी दीड लाख रुपये. करार केल्यास आज काही नाही, पण वार्षिक पगार पाच लाखांच्या वर गेला की ३६ महिने पगाराच्या १५ टक्के, जास्तीत जास्त साडेतीन लाखांपर्यंत. समजा, सहा लाखांची नोकरी लागली. महिन्याला पन्नास हजार, त्यातून साडेसात हजारांचा हप्ता, तीन वर्षांत दोन लाख सत्तर हजार. दीड लाखाच्या शिक्षणावर एक लाख वीस हजार वर. शिकवणी सुरू झाल्यापासून दहाव्या महिन्यात पहिला हप्ता पडला असे धरले, तर हा दर वर्षाला सुमारे २७ टक्के येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा दर सर्वसाधारणपणे याच्या निम्म्याच्याही आत असतो. बारा लाखांची नोकरी लागली तर साडेतीन लाख चोविसाव्या महिन्यातच पुरे होतात. म्हणजे जो जितका गुणी, त्याच्याकडून तितकी अधिक वसुली. नोकरी न लागलेल्यांचा तोटा संस्था या गुणी मुलांच्या हप्त्यांतून भरून काढते. विम्यात असेच असते आणि त्यात अन्याय नाही. फक्त आपण फी देत आहोत की विम्याचा हप्ताही देत आहोत, हे मुलाला आधी कळले पाहिजे.

आणखी एक खाच होती. पाच लाखांची मर्यादा ‘पॅकेज’वर होती. पॅकेजमध्ये मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाची रक्कम आणि ग्रॅच्युइटीही धरतात. पाच लाख दहा हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला कागदावर साडेबेचाळीस हजार, पण हातात पडतात सदतीस-अडतीस हजार. हप्ता मात्र कागदावरच्या आकड्यातून निघतो, सहा हजार तीनशे पंचाहत्तर. पुण्यात खोलीभाडे आणि खाणावळ देऊन गावी पैसे पाठविणाऱ्या मुलाला हा फरक फार मोठा असतो. शिवाय नोकरी संगणकाचीच असावी असे बंधन नव्हते. उद्या तो बँकेत लागला किंवा शिक्षक झाला, तरी हिस्सा द्यावाच लागणार होता. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास ठरावीक दंड होता. ‘नोकरीचा पुरेसा शोध घेतला नाही’ असे संस्थेला वाटल्यास सगळी रक्कम देय होणार होती, आणि पुरेसा म्हणजे किती हे कोठेही लिहिलेले नव्हते.

हा करार आणि उचल एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. ऊसतोडीच्या उचलीत तोटा संपूर्णपणे मजुराचा असतो. पाऊस आला, गाडी बंद पडली, बाळंतपण आले, तरी बाकी त्याच्याच नावे. आजारपणातसुद्धा खाडा परवडत नाही, म्हणून आमच्या स्त्रियांनी काय सोसले ते २०१९ मध्ये उजेडात आले. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेलेले होते. संगणकापुढे बसणाऱ्या मुलाच्या कराराची तुलना त्या यातनेशी करणे अनुचित ठरेल. त्याला मालक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची मुख्य कसोटी तीच आहे. याच रीतीने शिकून पुण्यात नोकरीला लागलेली आणि हप्ते फेडून भावाच्या शिक्षणाचा भार उचलणारी एक मुलगीही मला ठाऊक आहे. तिचा आनंद खोटा नाही.

पण एका बाबतीत ऊसतोड कामगार या सुशिक्षित मुलापेक्षा सबळ आहे. त्याच्या मागे संघटना आहेत. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्याच्या नावाने शासनाचे महामंडळ आहे. आमचा मुलगा मात्र एकटा, मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून चौदा पानांना ‘मान्य’ म्हणतो. दर ठरविताना त्याला कोणी विचारत नाही, आणि भांडण झाले तर कोणाकडे जावे हे त्याला माहीत नसते. ज्या काळात मोठमोठ्या कंपन्यांनी नवशिक्यांची भरती आखडती घेतली, त्या २०२२-२३ नंतरच्या काळात तर हे एकटेपण अधिकच बोचरे झाले. नवशिक्याचे काम आता काही प्रमाणात यंत्रच करू लागले आहे, हेही विसरून चालणार नाही.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. रोख फी किती आणि कराराने जास्तीत जास्त किती द्यावे लागेल? मागील तुकडीत किती जण बसले आणि त्यांतील किती जणांना, किती महिन्यांत, किती पगाराची नोकरी लागली? हा करार संस्था स्वतःकडे ठेवणार आहे की विकणार आहे? आणि यामागे एखाद्या बिगरबँक वित्तसंस्थेचे कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर काढले जाणार आहे काय? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण तोंडाने ‘हिस्सा’ म्हणावयाचे आणि कागदावर कर्ज काढावयाचे असे प्रकार होतात. मग नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतो. अशा मोबाइलवरील कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले. सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारे तथ्यपत्रक आधी देणे त्यांत बंधनकारक केले आहे. ते मागून घेण्यात संकोच कसला?

त्या मुलाने हे चार प्रश्न संस्थेला लिहून पाठविले. पहिल्याचे उत्तर तत्काळ आले. उरलेल्या तिहींच्या उत्तरादाखल ‘जागा थोड्याच उरल्या आहेत’ असा निरोप दोनदा आला. त्याने सही केली नाही. नगरला एका दुकानात हिशेबाचे काम करीत तो आता संध्याकाळी शिकतो आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग ‘एनपीटीईएल’ आणि ‘स्वयम्’ यांवर विनामूल्य आहेत, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा मार्गही खुला आहे. हा रस्ता लांबचा आहे. त्याला एकटे बसून शिकताना कंटाळा येतो, शंका विचारावयास कोणी नसते, हेही तो सांगतो. येथेच आपले, म्हणजे धर्मग्रामाचे, काम सुरू होते असे मला वाटते.

सावकारीचा निषेध करून ख्रिस्तसभा थांबली नव्हती. १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा येथे फ्रान्सिस्कन संघीयांच्या प्रेरणेने गरिबांसाठी अल्पदराची पेढी निघाली आणि तशा पेढ्या गावोगाव पसरल्या. आपल्या वसईत १९१८ मध्ये मोन्सेन्योर मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पेढी उभी राहिली, ती आजही बँक म्हणून उभी आहे. आमच्या आष्टीच्या बाजूची कुटुंबे वसईइतकी सधन नाहीत. परंतु दहा घरांनी मिळून एका मुलाची अर्धी फी उसनी देणे, नोकरीत स्थिरावलेल्या एकाने रविवारी मिस्सानंतर दोन तास शंकानिरसनास बसणे, करार आला तर तो वाचून मराठीत सांगणारा एक जाणता माणूस असणे, एवढे आपल्याला झेपणार नाही काय? यात तोटा झाला तर तो दहा घरांत वाटला जाईल. अक्वायनस ज्याला भागीदारी म्हणतात, ती हीच.

जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण त्याने माणसाचे जगणेच गहाण पडते, असे अनुवाद ग्रंथात बजाविले आहे. आजच्या तरुणाचे जाते म्हणजे त्याची येणारी तीन-चार वर्षे. त्यांत त्याचे लग्न व्हावयाचे असते, आईवडिलांचा शेवटचा हंगाम थांबवावयाचा असतो, नावडती नोकरी सोडून दुसरी धरण्याचे धैर्य करावयाचे असते. हप्ता चालू असताना हे धैर्य होत नाही. कराराची ही किंमत कोणत्याही पानावर छापलेली नसते. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात सुचविले आहे. आपल्या मुलांना बुरूज बांधू द्यावा, खुशाल उंच बांधू द्यावा. पण हिशेबाला बसताना ती एकटी नसावीत, एवढे आपण पाहिले पाहिजे.